कमेंट बंद करू नका

रील या शब्दाचीच मला आता शिसारी येते.

परळच्या एका मराठी शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. पट घसरायला लागला तसं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षकाने आठवड्याला एक शैक्षणिक रील शाळेच्या पानावर टाकायची. नाव काय, तर ‘समाजमाध्यमातून अध्ययन’. अध्ययन कसलं डोंबलाचं! आमच्यातल्या एक बाई पचनसंस्थेवर चक्क नाचल्या. अख्खा वर्ग तोंड मिटून बसला होता, कारण रेकॉर्डिंग चालू होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी काळाचौकीच्या एका मुलीला पुढे केलं. माझा प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर. बोलणं सुसाट, पुढचे दोन दात जरा बाहेर, आणि त्याचं तिला कधी काही वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने घरून परात आणली, लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून मागून आणलेली शाडूची माती परातीत थापली, मधोमध दर पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता चौकाचा खळगा केला आणि कडेने तांब्याभर पाणी ओतलं.

“सगळीकडनं उतार हाय ना बाई, म्हणून पाणी हिंदमातालाच येऊन बसतं. त्याची काय आपल्याशी खुन्नस नाय.”

वर्ग खदखदून हसला आणि वर्गाला कळलंही. वर्षभरातला तो माझा सगळ्यात चांगला तास होता. तो मी घालवला. उजेड नीट नाही म्हणून तिच्याकडून तेच तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही, तीसुद्धा नाही.

रील तुफान चालली. खाली कमेंट आल्या त्या तिच्या दातांवर, रंगावर. त्याहून घाणेरड्याही आल्या, त्या मी इथे लिहिणार नाही. लिहिणारे बाप्ये होते, फोटोच्या जागी देव लावलेले. पोरगी तेरा वर्षांची!

मी मोठ्या बाईंकडे गेले.

“अहो, कमेंट बंद करू नका, पोहोच कमी होते,” त्या म्हणाल्या. “वाईट कमेंटसुद्धा मोजतात.”

पानाचा पासवर्ड माझ्याकडेही होता. मी बंद केल्या नाहीत. खरं सांगायचं तर दोन तासांच्या मधे जिन्यात उभी राहून मीही आकडा किती वाढला ते बघत होते. त्या बाप्यांइतकीच मला माझी किळस येते.

गणपती आले. तिच्या चाळीच्या मंडळाने गुणवंतांच्या सत्काराला तिला बोलावलं, आणि तिची बाई म्हणून मलाही. शाल, नारळ, सगळं झालं. आरती दाखवायच्या मोठ्या पडद्याला एका कार्यकर्त्याने आपला मोबाइल जोडला, रील लावली. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत तिची आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती.

“आणि बघा, आपल्या पोरीवर किती लोकांनी कमेंट केल्यात!” तो माइकवर कौतुकाने म्हणाला आणि त्याने यादी वर ओढली. त्याने स्वतः ती वाचलीच नव्हती.

पडद्यावर एकेक अक्षर वीतभर. टाळ्या एकदम थांबल्या नाहीत, जसजसं वाचून होत गेलं तसतशा थांबल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. कार्यकर्ता घाबरून बोटं आपटत राहिला आणि यादी आणखीच पुढे सरकली. मंचावर पोरगी शाल पांघरून वाचत होती. वाचायचीही ती भरभरच.

खाली उतरल्यावर तिच्या आईने मला गाठलं. “बाई, तुम्ही वाचलं होतंत हे?”

“नाही,” मी म्हणाले.

घरी येऊन मी रील काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई फोनवर माझ्यावर चिडल्या, एवढी पोहोच वाया घालवली म्हणून.

गणपतीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला. मी प्रश्न विचारला, तिचा हात वर आला नाही. मग मीच तिला उभं केलं. उत्तर तिने बरोबर दिलं, पण तोंडावर तळवा धरून.

“हात काढ गं, ऐकू येत नाही,” मी म्हणाले.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. त्यात खडू होता. मग टेबलावर पालथ्या पडलेल्या माझ्या मोबाइलकडे पाहिलं. तोंडावरचा हात तिने काढला नाही.