पहिली ओंजळ पाखरांची

मारोतीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या आमच्या शाळेत सहावीच्या वर्गावर होतो. आदल्या दिवशीच लातूरच्या दवाखान्यात त्याच्याजवळ बसून आलो होतो. फोन ठेवला, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं आणि मगच खुर्चीत बसलो. अशा वेळी माणूस काय करील, सांगता येत नाही. आता महिना होत आला...

दादा माझा मावसभाऊ, मुखेडजवळच्या खेड्यातला, डिझेल इंजिनाचा मेकॅनिक. जनरेटर सांभाळायला म्हणून तो दोनदा अंटार्क्टिकाला जाऊन आला. आमच्या खानदानात कुणी समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. पहिल्या खेपेला मावशीनं दिलेली ज्वारी त्यानं रुमालात बांधून लपवून नेली. खळ्यावर रास पडली की पहिली ओंजळ पाखरांची, हे त्याच्या हाडामांसात भिनलेलं. तिथं दगडांच्या कपारीत राहणारी पांढरीशुभ्र पाखरं दिसली, तशी यानं बर्फावर ज्वारी उधळली. पाखरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी मात्र पाहिलं. बाहेरचा दाणा तिथं टाकायची सक्त मनाई. दादानं बोटं बधिर होईस्तोवर एकेक दाणा वेचला. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा आणि आम्ही त्याला मनसोक्त छळायचो.

दुसऱ्या खेपेचं मात्र तो हसून कधी बोलला नाही. मध्ये बारा वर्षं गेली होती, मॅडम त्याच होत्या. त्या वर्षी समुद्रावरचा बर्फ लवकर फुटला आणि उरलेला लांब सरकला. त्या बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, ते कोळंबीसारखे बारके जीव खातात, त्या जिवांवर मासे जगतात आणि या दोघांवर पाखरं. बर्फ सरला की खालपासून वरपर्यंत सगळ्यांचीच उपासमार. मी विज्ञानाचा मास्तर, पण हे मला दादानं शिकवलं. जनरेटरच्या शेडमागं एका कपारीत पिल्लू होतं. त्याचे आईबाप चारा आणायला जात, ते दिवसचे दिवस परतेनात. आधी एक यायचं थांबलं, मग दुसरंही. स्वयंपाकघरात गोठवलेले मासे पडून होते.

"मॅडम, एक तुकडा टाकू का?" दादानं विचारलं.

"नाही मारोती. आपण फक्त नोंद ठेवायची."

या वेळी त्यानं मुकाट्यानं ऐकलं. चार दिवस कपारीशी जाऊन बघत राहिला. पाचव्या दिवशी पिल्लू मेलेलं होतं... मॅडमही रडल्या, म्हणाला.

"शिवा, माझं चुकलं का रे?" हे त्यानं मला किती वेळा विचारलं असेल. मी मास्तरकीच्या आवाजात सांगायचो, एका पिल्लाला घास घालून बर्फ परत येत नाही, मॅडमचं बरोबरच होतं.

"त्ये लई बरोबर हाय. पर पिल्लू बर्फ कुठं मागत व्हतं? त्ये भुकेलं व्हतं अन् म्या बघून राहिलो."

मला राग यायचा. एका पाखरापायी माणसानं स्वतःला किती कुरतडावं...

लातूरला त्या शेवटच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो होतो. आठवडाभर दवाखान्यात बसून वहिनीच आजारी पडल्या, म्हणून त्यांना गावी धाडलं होतं. तिथून त्यांनी एसटीनं मुगाची पातळ खिचडी पाठवली. झाकण उघडताच दादानं डोळे उघडले.

"दोन घास दे."

तोंडानं काही द्यायचं नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. मी म्हणालो, "दादा, डॉक्टर नको म्हणालेत." त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पुन्हा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी कागदपत्रं हातात देताना डॉक्टर सहज म्हणाले, "काल संध्याकाळी तसं काही उरलंच नव्हतं. मागितलं असतं तर दोन घास द्यायला हरकत नव्हती."

धुतलेला डबा मी दहाव्याला वहिनींच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "जेवले का वो त्ये?"

मी म्हणालो, "हो वहिनी. दोन घास खाल्ले."

वहिनींना वाचता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे. कुणी त्यांना वाचून दाखवू नये. डबा त्यांनी देवळीत ठेवलाय, वापरत नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात घेऊन दाखवतात, "शेवटचं ह्याच्यातच जेवले, माझ्या हातचं."