हरिहररावांचं समुद्राचं तेल

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. गारठा वाढला. नळाला पाणी कमी दाबाने. सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा. विषय, माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमधील भाडेकरू. हरिहरराव बोलले.

इथे पद्मजाबाईंनी पेन खाली ठेवलं. या माणसावर किती शाई घालवायची?

हरिहरराव भोसरीच्या एका कंपनीत खरेदी खात्यात होते. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटेशनवर लाल रेघा मारल्या. निवृत्त झाल्यावर रेघा मारायला काही उरलं नाही, म्हणून निगडीतल्या या सोसायटीचे चेअरमन झाले. कुणाची कुंडी कठड्यावर, कुणाच्या चपला जिन्यात, यावर त्यांचा दिवस छान जाई. स्वतःच्या घरात त्यांना कुणी विचारत नसे, याची भरपाई जिन्यात होई.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा क्षितिज अमेरिकेतून आला आणि पिवळ्या, पारदर्शक गोळ्यांच्या बाटल्या देऊन गेला. तेव्हापासून हरिहरराव आहारतज्ज्ञ झाले. बागेतल्या हास्यक्लबात हसणं मागे पडलं आणि व्याख्यान सुरू झालं. समुद्री शेवाळाची हिरवी पूड ते ताकात घालून पीत, आणि ओठांवरचा हिरवा रंग न पुसता मेंदूविषयी बोलत. ओमेगा, हृदय, सांधे. गोळ्या चार बायकांना वाटूनही झाल्या.

"कसलं तेल हो हे?" पद्मजाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"मरीन ऑइल. समुद्राचं तेल."

"समुद्रातल्या कशाचं?"

"सोर्स समुद्री असतो," हरिहरराव म्हणाले आणि घाईने शवासनाकडे वळले.

पद्मजाबाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या. मरीन म्हटल्यावर दबून जाणाऱ्या नव्हत्या. पण बाटली अमेरिकेतली होती, त्यामुळे समुद्राला तेल सुटतं हे बाकीच्या बायकांना सहज पटलं.

तर वरचे भाडेकरू. आम्रपाली चाकणच्या कंपनीत तपासणी विभागात. सातवा महिना. नवरा तळेगावला शिफ्टला. सासू गिरजाबाई बाळंतपणासाठी गावाहून आलेल्या. डॉक्टरांनी आम्रपालीला मासे खायला सांगितले, आणि गिरजाबाई तव्यावर सुके बोंबील भाजू लागल्या. वास खालपर्यंत येई. पद्मजाबाईंना तो मुळीच आवडत नसे. त्या खिडकी लावून घेत आणि विषय संपे.

हरिहररावांचा विषय मात्र तिथे सुरू झाला. भाडेकरार महिनाअखेर संपत होता. सोसायटीचं ना-हरकत पत्र द्यायचं नाही, असा ठराव त्यांनी आणला. म्हणजे आठव्या महिन्यात त्या मुलीने भांडीकुंडी उचलून नवं घर शोधायचं.

सभेला ते तयारीने आले. रिकाम्या पोटी दोन गोळ्या, वर कढत चहा, आणि हातात माईक. पार्किंगमध्ये माणसं वीस. माईक कशाला, हे त्यांनाच ठाऊक.

"व्यक्तिशः माझं कुणाशी वैर नाही," त्यांनी सुरुवात केली. असं म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य पद्मजाबाईंना नेहमी पाठ असे. "पण संस्कार म्हणून काही आहे की नाही? शाकाहारी माणसाने हा वास का सहन करायचा? माझ्या तर पोटात..."

आणि पोटातून ढेकर आला. साधासुधा नव्हे. माईकमधून आला, खांबांवर आपटला, आणि मागोमाग त्याचा वास पहिल्या रांगेवर उतरला. मासळीचा, शिळा, निःसंशय.

मग मागून गिरजाबाईंचा आवाज आला, अगदी काळजीचा. "बोंबील आमी खाल्लं, अन् ढेकर तुमास्नी आला व्हय, भाऊ?"

पार्किंग हसून कोसळलं. हास्यक्लबात इतकं कधी कुणी हसलं नसेल.

"ते... ते औषध आहे!" हरिहरराव ओरडले. "माशाचं असलं तरी औषध आहे!"

"माशाचं?" पहिल्या रांगेतल्या शालनबाई उठल्या. "अहो, कार्तिकी एकादशीला मी दोन गिळल्या की! साबुदाण्यावर!"

"सप्लिमेंट आणि मांसाहार यात फरक असतो, वहिनी."

"असतो ना, काका," आम्रपाली म्हणाली. ती खुर्चीत जपून बसली होती, पण आवाज चांगला खणखणीत. "तुमचं बाटलीतून येतं, आमचं पाटीतून. डॉक्टरांनी मलापण औषध म्हणूनच सांगितलंय."

पद्मजाबाई उठल्या. "ठराव मताला टाका, हरिहरराव. वेळ जातोय."

त्यांनी टाकला. एकही हात वर झाला नाही. त्यांचा स्वतःचासुद्धा नाही, कारण तो तोंडावर होता. ना-हरकत पत्रावर त्यांना तिथल्या तिथे सही करावी लागली, तीही श्वास रोखून. सहीखाली सवयीने त्यांनी एक रेघ मारली. मग माईकची वायर गुंडाळत एकटेच उभे राहिले. पद्मजाबाईंना त्यांची दया येईल असं क्षणभर वाटलं. पण ते शालनबाईंना दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या सुचवू लागले, आणि तो क्षण टळला.

दिवेलागणीला पद्मजाबाईंनी पेन पुन्हा उचललं. 'हरिहरराव बोलले' याला आणखी काही जोडावंसं त्यांना वाटलं नाही. खाली लिहिलं:

करार आता अकरा महिन्यांनी वाढेल. वर बोंबील भाजत आहेत. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.