गुप्तेबाईंचे तीन प्रश्न

डॉक्टर गुप्तेबाई नाडी बघताना मुलीच्या तोंडाकडे कधी बघत नसत. मनगट हातात, नजर खिडकीबाहेर, आणि आवाज भाजीचा भाव विचारावा तसा. "झोप येते का गं? जेवण जातं का? शेवटचं रडू कधी आलं?" तोंडाकडे पाहिलं की मुली लाजून खोटं सांगतात, असं त्यांचं म्हणणं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. ठाण्यात शिक्षिका तयार करणाऱ्या एका लहानशा कॉलेजच्या वसतिगृहात मी राहत होते. डोंबिवलीजवळच्या आमच्या आगरी गावातली एवढी शिकलेली मी पहिलीच मुलगी. गुप्तेबाई दर गुरुवारी आमचं वजन, डोळे, दात तपासायला यायच्या. ते तीन प्रश्न मात्र कॉलेजच्या तक्त्यात नव्हते, त्यांचे स्वतःचे होते.

त्या वर्षी मला झोप लागत नव्हती. तपासनीसांसमोर पाठ घ्यायचा म्हटलं की छाती धडधडायची, ओल्या हातातून खडू निसटायचा. बाईंना मात्र मी म्हणाले, "सगळं छान आहे." त्यांनी वहीत माझ्या नावापुढे पेन्सिलीने ठिपका दिला. तो मी पाहिला. ठाण्यात वेड्यांचं इस्पितळ, म्हणून वेड लागलेल्याला लोक 'ठाण्याला पाठवा' म्हणत, आणि आम्ही तर ठाण्यातच होतो. नाव कापतील, घरी धाडतील, गावभर होईल. आठवडाभर घास उतरला नाही.

पुढच्या गुरुवारी बाईंनी मला मागे थांबवलं. "तुझी नाडी पळत होती. कशाला भितेस?"

"ठिपक्याला," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

"ठिपका म्हणजे हिच्याशी परत बोलायचं, एवढंच. ताप येतो तसं हेही येतं. त्यात लाज कसली?"

तेवढ्यात रेक्टरबाई आत आल्या. "ठिपकेवाल्या मुलींची नावं मला द्या, डॉक्टर. असल्या मुली उद्या वर्ग काय सांभाळणार?"

बाईंनी खोडरबर काढलं आणि एकेक ठिपका पुसला. मग म्हणाल्या, "नावं माझ्या लक्षात आहेत. कागदावर कशाला हवीत?"

त्यानंतर दर गुरुवारी त्या रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसून माझा पाठ ऐकत. "चुकलीस तर चुकू दे, पुढे जा," एवढंच म्हणत. मी पास झाले.

माझ्या शेजारच्या खाटेवरची, कल्याणजवळच्या मोहन्याची कुसुम, माझ्यासारखीच आगरी, मात्र बाईंच्या नजरेतून निसटली. बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला ती खळखळून हसायची, म्हणून तिच्या नावापुढे ठिपका कधी पडलाच नाही. एका सकाळी पाठ चालू असताना तिने वाक्य अर्धं सोडलं, खडू टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. दोन दिवसांनी कल्याण स्टेशनच्या बाकावर सापडली. बोलत नव्हती. वडील तिला घरी घेऊन गेले.

"मी खिडकीबाहेर बघत होते गं," बाई मला म्हणाल्या. "हसणं ऐकलं आणि पुढचीला बोलावलं." तेव्हापासून त्या मुलींच्या तोंडाकडे बघू लागल्या. मोहन्याला दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा वडिलांनी दारातूनच परत पाठवलं.

मला खडवलीच्या शाळेत नोकरी लागली. एका रविवारी बाई तिथे आल्या. "तू येशील का माझ्याबरोबर? तुला आत घेतील."

कुसुमचे वडील दार अडवून उभे राहिले. मला म्हणाले, "तू आमच्यातली, तू ये. पन डाक्तरीनबाय नको. पोरीला ठान्याला न्यायाची नाय मना."

"मी काही विचारणार नाही," बाई म्हणाल्या. "नुसती बसेन."

त्यांनी बाईंचे रिकामे हात पाहिले आणि ते बाजूला झाले.

कुसुम तांदूळ निवडत होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि मूठभर तांदूळ ताटात घेऊन निवडायला लागल्या. तासभर कोणी काही बोललं नाही. बाप उंबऱ्यातून हलला नाही, आणि तो कधी उठा म्हणेल या धास्तीने मी अवघडून बसले होते. शेवटी बाई उठायला लागल्या.

कुसुमने मान वर न करता म्हटलं, "बाई, तुम्ही खडे ठेवताय आणि तांदूळ टाकताय."

उंबऱ्यात तिच्या वडिलांनी तोंडावर पंचा धरला. सहा महिन्यांत पोरगी पहिल्यांदा बोलली होती.

बाई परत खाली बसल्या. "मग नीट दाखव," त्या म्हणाल्या.