उरल्यासुरल्या रंगांचा वर्ग

माझी आई संगमनेरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. ग्रेडच्या परीक्षा संपल्या की चित्रकलेच्या वर्गात रंगांचा कचरा पडून राहायचा. तुकडे झालेल्या रंगांच्या वड्या, पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा, केस झडून टक्कल पडलेले ब्रश, एका बाजूनं बिघडलेले कागद. मुली ते तिथंच टाकून निघून जायच्या, पण आई ते शिपायाला झाडू द्यायची नाही. सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरून ती घरी आणायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या पडवीत गल्लीतल्या पोरांचा वर्ग भरवायची. पैसे घ्यायची नाही. त्यामुळं गल्लीत तिचं मोठं नाव होतं.

तिची कल्पकता खरोखर दांडगी होती, हे मला आजही नाकारता येत नाही. वड्यांचे तुकडे ती पाट्यावर बारीक करायला लावायची, त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घालून सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांमध्ये ओतायची आणि उन्हात ठेवायची. दोन उन्हांत नव्या वड्या तयार. सुकलेल्या ट्यूबा ब्लेडनं उभ्या चिरून आत चिकटलेला रंग काडीनं खरवडायचा, मग पत्रा धुऊन वाटीच्या बुडानं सपाट करायचा. त्या चंदेरी पत्र्यावर शाई संपलेल्या रिफिलनं नक्षी उमटवली की वर्ख लावल्यासारखी दिसायची. टकल्या ब्रशनं ठिपके द्यायचे. शिंदीच्या काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा. बिघडलेल्या कागदाची मागची बाजू तर होतीच.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. प्रवरेच्या कोरड्या पात्रात लोक पाण्यासाठी झिरे खणत होते. त्यामुळं ब्रश धुवायला सगळ्या वर्गाला मिळून एकच वाडगं पाणी मिळायचं आणि ते बदलायचं नाही असा नियम होता. थोड्या वेळात त्या पाण्याला गढूळ, तपकिरी, नाव नसलेला रंग यायचा. दिवस संपला तरी आई ते फेकायची नाही. दुसऱ्या दिवशी तेच.

वर्गात मी तिला आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं बाई म्हणायचं, असंही ठरलेलं होतं. आणि आणखी एक रीत होती. वर्ग सुटताना आई सगळी चित्रं फरशीवर मांडायची आणि त्यातलं सगळ्यात वाईट चित्र उचलून आमच्या दाराला बाहेरच्या बाजूनं चिकटवायची. जाणारा येणारा ते बघायचा. "आज कुणाचं गाढव?" असं समोरचा किराणा दुकानदार ओरडून विचारायचा. ज्याचं चित्र असेल त्यानं पुढं होऊन सांगायचं, "माझं."

बहुतेक वेळा ते माझंच असायचं. मी दहा वर्षांची होते आणि माझ्या हाताला वळण नव्हतं. "दुसऱ्याचं पोर असतं तर शिकवलंही असतं," आई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "हिला शिकवणं म्हणजे रंगाची नासाडी." त्यानंतर मला बुचातला रंग मिळणं बंद झालं. माझ्या वाट्याला फक्त वाडग्यातलं गढूळ पाणी आलं. वडील कचेरीतून आले की दारावरचं माझं चित्र बघत, चपला काढत आणि काही न बोलता आत जात.

त्याच मे महिन्यात एक मुलगी वर्गात आली. माझ्याहून लहान, काळीसावळी, फ्रॉकची शिवण उसवलेली. कोपऱ्यावर सायकलीचं दुकान होतं, त्या दुकानदाराची ती भाची. तिचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडं, मिरजगावच्या पलीकडं. विहिरी आटलेल्या, आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते, म्हणून तिला मामाकडं ठेवली होती. ती आली तेव्हा बुचं वाटून संपली होती.

"बाई, मला रंग न्हाई मिळाला," ती म्हणाली.

"उशिरा येणाऱ्याला काय मिळणार? तिच्या शेजारी बस," आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "गढूळ पाण्यात दोघी."

ती बसली. चावलेली काडी पाण्यात बुडवून तिनं कागदावर एक रेघ ओढली, ती सुकू दिली, मग तिच्यावरून पुन्हा ओढली. मला वाटलं, हिलाही काही येत नाही. पण थोड्या वेळानं बघते तर कागदावर माणसं होती. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, एकामागे एक. लांबच्या बायांवर तिनं पाण्याचा एकच हात दिला होता, त्या पुसट होत्या. जवळच्यांवर तीन-चार हात दिले होते, म्हणून त्या गडद दिसत होत्या. एका बाईच्या कडेवर पोर होतं आणि तिच्या पाठीचा बाक असा होता की तिचं ओझं आपल्याला जाणवावं.

आई फिरत फिरत आमच्या मागं आली आणि थांबली. मग खाली बसून तिनं त्या मुलीचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुनी न्हाई. तितं अशाच चालत्यात समद्या."

त्या दिवसापासून ती आईच्या शेजारी बसू लागली. आई तिला दुपारी जेवायला थांबवून घ्यायची. तिचे केस विंचरायची, माझे मी विंचरत होते. माझ्या वाढदिवसाला आणलेली रंगांची नवी पेटी आईनं कपाटातून काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "तुला काय करायची?" मला म्हणाली. पेटी उघडून त्या मुलीनं सगळे रंग बघितले, बोट लावून बघितले आणि परत झाकण लावलं. "मला त्योच बरा," असं म्हणून तिनं वाडगं जवळ ओढलं.

मला तिचा राग यायचा, पण ती काढायला बसली की मी तिच्याकडंच बघत राहायचे. दोन्ही एकाच वेळी होत होतं.

जूनमध्ये शाळा उघडली की शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' असं प्रदर्शन भरायचं होतं आणि नगरहून शिक्षण खात्याचे एक साहेब यायचे होते. आईनं स्वतः एक मोर केला. ट्यूबांच्या पत्र्याचं एक एक पीस कापून, नक्षी उमटवून, रंगवून. महिनाभर ती दुपारची झोपली नाही. शेजारी सुट्टीतल्या वर्गाचं काम मांडलं होतं आणि त्यात त्या मुलीची एक लांबलचक पट्टी होती. बिघडलेले कागद चिंचोक्याच्या खळीनं एकाला एक जोडून तिनं त्यांच्या पाठीवर दुष्काळी कामाची सगळी रांग काढली होती. एका टोकाला खाणीतली माणसं, दुसऱ्या टोकाला रस्ता. सगळं त्या गढूळ पाण्यानं.

साहेब मोरासमोर थांबले, "वा," म्हणाले आणि पुढं गेले. पट्टीपाशी मात्र ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. चष्मा काढून जवळून पाहिलं.

"हे कुणी केलं?"

मुलीला पुढं केलं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईकडं वळून हसत म्हणाले, "बाई, तुमच्या मोराला हिचा हात लागला असता तर तो उडाला असता हो!"

सगळे हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या. आईसुद्धा हसली. मी तिच्या बाजूलाच उभी होते, तिनं माझा खांदा धरला होता आणि तिची नखं मला लागत होती.

पुढच्या रविवारी आईनं सगळ्या पोरांना पडवीत बोलावलं. फरशीवर ती पट्टी पसरलेली होती. मुलीला वाटलं कौतुक आहे, ती लाजत भिंतीला टेकून उभी राहिली.

"आज खेळ खेळायचा," आई म्हणाली. "या चित्रातल्या चुका शोधायच्या. प्रत्येकानं एक तरी सांगायची."

मग एक म्हणाला, "हिचा हात लांब झालाय." "शाब्बास," आई म्हणाली. मग सगळ्यांनाच जोर आला. पाय आखूड आहेत. आभाळच काढलं नाही. सगळं मातीसारखं दिसतंय. डोळे नाहीत कुणाला. प्रत्येकाचं चित्र कधी ना कधी आमच्या दारावर लागलेलं होतं, त्यामुळं कुणाला आग्रह करायची गरजच पडली नाही. मुलगी आधी हसत होती, मग नुसती बघत राहिली.

माझी पाळी आली.

"मला नाही दिसत चूक," मी म्हणाले.

"तुला कशी दिसेल? तुझ्या डोळ्यांत आहे काय?" आई म्हणाली आणि मला उठवून दाराशी उभं केलं.

मग तिनं कात्री आणली आणि मुलीच्या हातात दिली. "इतक्या चुका असलेलं चित्र ठेवून काय करायचं? पुस्तकात घालायच्या खुणा होतील याच्या. काप आणि सगळ्यांना वाट. तूच काप. टाकाऊतून टिकाऊ."

मुलीनं कात्री घेतली. ती रडली नाही. खाली बसून तिनं हळूहळू कापायला सुरुवात केली, पण सरळ नाही. ती दोन माणसांच्या मधून, वळणं घेत कापत होती. कुणाच्या पाटीला वळसा, कुणाच्या पदराला वळसा. एकही माणूस तुटू देत नव्हती.

आईच्या ते लक्षात आलं. तिनं लाकडी पट्टी आणून कागदावर ठेवली.

"खुणा सरळ असतात. पट्टीला धरून काप."

मग ती पट्टीला धरून कापत गेली. कडेवर पोर असलेल्या बाईच्या मधोमध कात्री गेली. पोर एका मुलाच्या वाट्याला आलं, बाई दुसऱ्याच्या.

रात्री जेवताना वडील पहिल्यांदा काही बोलले. "अगं, काय गरज होती?"

आईनं वाढता वाढता हात थांबवला. "माझ्या चुका कुणी शोधल्या असत्या तरी मला चाललं असतं," ती म्हणाली. "मी काढते ते कुणी बघितलंच नाही कधी. तुम्हीसुद्धा." आणि तिनं त्यांना भाकरी वाढली.

मुलगी परत आली नाही. दोन दिवसांनी मी माझ्या वाट्याची खूण घेऊन सायकलीच्या दुकानात गेले. ती पंक्चरच्या घमेल्याजवळ बसली होती.

"घे, तुझी आहे," मी म्हणाले.

तिनं हात पुढं केला नाही. "मला कशाला? बाईंनी तुला दिलीया."

"तू येत जा ना."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आधी तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं, पण आमच्या घरात रोज पाहत होते.

"तुजं तर दारावर चिकटिवत्यात," ती म्हणाली. "माजं निदान वाटून तरी दिलं. जा."

मी घरी आले. पाऊस पडल्यावर तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. पुढं तिच्या मामाकडून कळलं, तिचं लग्न लवकर झालं, शेती करते. चित्रं काढते का, असं मी विचारलं तेव्हा मामाला प्रश्नच कळला नाही. "कसली चित्रं?" म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात आईचा वर्ग पुन्हा भरला आणि आधीपेक्षा जास्त पोरं आली. बाईंच्या हाताखाली पोरं वळणावर येतात, असं बाया म्हणत. मी शाळा संपेपर्यंत त्या पडवीत बसले.

नंतर मी श्रीरामपूरला नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. आई निवृत्त झाल्यावर महिनाभर आमच्याकडं राहायला आली. माझ्या मुलांच्या उरलेल्या रंगांचा डबा मी केरात टाकला होता. तिनं तो काढून आणला, वड्या कुटल्या, बुचं गोळा केली आणि मुलांना घेऊन बसली. मुलं खूश होती. मी दारातून बघत होते. माझ्या मुलीनं एक घर काढलं आणि आजीच्या पुढं धरलं. आईनं ते हातात घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "हे बघ..."

"दुकानातून मीठ घेऊन ये," मी मुलीला म्हणाले. "आत्ता जा."

मुलगी गेली. आई कागद धरून तशीच बसली होती.

"एवढं काय बोलणार होते मी?" ती म्हणाली.

मी तिच्या हातातून चित्र काढून घेतलं आणि आत गेले.