डावीकडे डेन्मार्क, उजवीकडे रोमानिया

नातीला कॉलेजात निबंध लिहायचा होता. अमेरिकेत येऊन राहिलेले कोणतेही दोन समाज घ्या आणि त्यांची सामाजिक पत, आर्थिक स्थिती यांची तुलना करा. बाकीच्या मुलांनी मोठमोठे समाज उचलले. हिने घेतले रोमानियन आणि डॅनिश. का, तर म्हणे, "आजी, दे वेअर लिटरली ऑन बोथ साइड्स ऑफ युअर हाऊस." संशोधनासाठी गाडी बाहेर काढावी लागू नये, हा गुण तिने माझ्याकडूनच घेतलाय.

मी म्हटलं, "अगं, हा अभ्यास पस्तीस वर्षांपूर्वी पुरा झालाय. मीच केलाय."

"यू डिड रिसर्च?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

तिने लॅपटॉप उघडला. मी सांगायला बसले.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला, या घरात आलो तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. जळगावची, अर्थशास्त्रात एम. ए., सेकंड क्लास. नवरा मोटारींच्या कंपनीत ब्रेकची डिझाइनं काढायचा. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे देश माझ्या अर्थशास्त्राला मुकला आणि ते सगळं मी आमच्या गल्लीवर वापरलं. डावीकडे डेन्मार्कहून आलेलं जोडपं, उजवीकडे रोमानियाहून आलेलं, मधे आम्ही. तिन्ही घरं एकाच बिल्डरने एकाच साच्यातून काढलेली. विटा त्याच, गॅरेज तेवढंच. म्हणजे वर कोण आणि खाली कोण हे घरावरून ठरेना. पण आपल्या माणसाला वर-खाली ठरवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मी कामाला लागले.

डेन्मार्कवालीच्या खिडकीत संध्याकाळी मेणबत्त्या लागायच्या. मी म्हणायचे, काय अभिरुची. रोमानियावालीच्या खिडकीत एकदा मेणबत्ती दिसली, तर म्हटलं, वीज तोडली असेल. डेन्मार्कच्या दिवाणखान्यात दोन लाकडी बाकं आणि एक टेबल, बाकी सगळं मोकळं. हा श्रीमंतांचा साधेपणा. रोमानियाचा दिवाणखानाही मोकळाच, पण ते बिचारे. डेन्मार्क काळ्या पावावर थंडगार मासा ठेवून खायचा, ते आरोग्य. रोमानिया मक्याच्या पिठाची उकड खायचा, ती गरिबी. मी स्वतः ज्वारीच्या कण्यांवर वाढले होते, पण हा तपशील मी अभ्यासात धरला नव्हता.

दिवाळीत मी दोन्हीकडे चकल्या पाठवल्या. डेन्मार्कवालीने डबा घासूनपुसून परत दिला, आत आभाराचं कार्ड. मी ते कार्ड फ्रिजवर लावलं. रोमानियावालीने डबा परत दिला तो अक्रोडाच्या करंज्यांसारखं काहीतरी भरून. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे माझ्या आईने मला परकर-पोलक्यात असताना शिकवलेलं. पण ही विदुषी काय म्हणाली? "काय बाई, फेडायची घाई या लोकांना."

नात टाइप करायची थांबली. "आजी, दॅट्स सो मीन."

"मग? तुला काय वाटलं, आजी जन्मतःच अशी गोड होती?"

आईला पत्र लिहिलं त्यात होतं, शेजार उत्तम आहे, डेन्मार्कचे लोक आहेत. दुसऱ्या बाजूला कुणी राहतं हे आईला कळलं नाही.

पुढे निष्कर्ष जरा अडचणीत आले. एकदा नवऱ्याच्या पँटी आखूड करायला मी ड्रायक्लीनरकडे गेले, तर आत शिलाई मशीनवर डेन्मार्कवाली. तिने घरी भेटावं तसं हसून विचारलं, "किती इंच?" लाजले मी. तिच्या वतीने, कारण ती स्वतः मुळीच लाजत नव्हती. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा आणि ती खानदानी बाकं त्याने गॅरेजात मालाच्या खोक्यांच्या फळ्यांतून ठोकली होती. इकडे रोमानियावालीचा नवरा पत्र्याचे भाग दाबायचे साचे बनवायचा. नोकरी सोडून त्याने स्वतःचा कारखाना टाकला. एके दिवशी माझा नवरा घरी येऊन म्हणाला, "आज शेजाऱ्याच्या ऑफिसबाहेर अर्धा तास बसलो होतो. त्याच्याकडून साचे हवेत आम्हाला."

मग मी काय केलं? मोजपट्टी फेकली असेल, असं नातीला वाटलं. छे. मोजपट्टी तीच ठेवली आणि फक्त टोकं उलटी धरली. त्या दिवसापासून रोमानियावालीच्या गॅरेजातल्या आंबवलेल्या कोबीच्या वासात मला घराणं जाणवायला लागलं.

इथवर मी हसत सांगितलं. एक गोष्ट गाळली.

"ग्रेट," नात म्हणाली. "उद्या मी त्यांना इंटरव्ह्यूला बोलावलंय. रोमानियन मावशींना. इथेच, तुझ्याकडे."

मी कपबशी खाली ठेवली. डेन्मार्कवाली चार वर्षांपूर्वी गेली. तिच्याआधी तिचा नवरा, आणि माझाही. आता या गल्लीत मला नावाने ओळखणारं एकच माणूस उरलंय, ती रोमानियावाली. रोज सकाळी दहाला आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत चालतो, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतो. तिने दार वाजवलं नाही तर माझा दिवस सुरू होत नाही. आणि मी गाळलेली गोष्ट तिच्याबद्दलचीच होती.

ती अशी. आम्ही आलो त्या पहिल्याच सप्टेंबरात रोमानियावालीने घरापुढच्या ड्राइव्हवेवर विटा मांडल्या, वर पत्रा टाकला, खाली लाकडं पेटवली आणि पोतंभर वांगी आणि लाल मिरच्या भाजायला घेतल्या. भाजून, सोलून, वर्षभराचं बरण्यांत भरून ठेवायचं, अशी त्यांच्याकडची रीत. सोललेलं वांगं ती लाकडी सुरीने चिरायची, लोखंडाने काळं पडतं म्हणून. सगळ्या गल्लीभर धूर.

आता मी जळगावची. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, आणि भरीत खायला पाव्हणे चार गावांवरून येतात. त्या धुराचा वास आला की मी ताटली घेऊन धावायला हवं होतं. ताटली काढलीही. पण मी खिडकी बंद केली. डेन्मार्कला काय वाटेल? दोन्हीकडचे बाहेरचे असले तरी गोरे, आमचा रंग त्यांच्यासारखा नाही. उद्या डेन्मार्क म्हणेल, हे सगळे वांगी भाजणारे एकाच माळेचे मणी. मी स्वतः तर तिच्या भीतीने फोडणीसुद्धा एक्झॉस्टखाली, दार लावून करायचे.

म्हणून मी कॉलनीच्या कमिटीला एक पत्र लिहिलं. एम. ए.च्या इंग्रजीत. घरापुढे उघड्यावर आग, धूर, परिसराची प्रतिष्ठा, असं सगळं. खाली नाव नाही, सही नाही. 'एक चिंतित रहिवासी.' दुपारी कमिटीच्या पेटीत टाकून आले आणि परत येताना रोमानियावालीला हात केला.

कमिटीचा माणूस तिच्याकडे जाऊन आला. तिने पत्रा घरामागे हलवला. त्या बाजूने वारा थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा, तेव्हा देव आहे असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी, हातात वांग्या-मिरच्यांची बरणी. म्हणाली, "कुणाला तरी धुराचा त्रास झाला. तुम्हाला नाही ना झाला?"

मी म्हटलं, "छे छे, मला कशाला. काही लोक फार कडक असतात." आणि हे म्हणताना मी डावीकडच्या घराकडे बघितलं. नुसतं बघितलं. बोलले काहीच नाही, कारण मी सभ्य होते.

पत्र लिहिलं त्याचं मला हसू येतं. त्या बघण्याचं येत नाही.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी रोमानियावाली मुलाखतीला आली. मी पोहे केले होते. नातीने फोन मधे ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. कधी आलात, काय काम केलंत, मुलं काय करतात. ती नीट उत्तरं देत होती. तिकडे ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. इथे पहिली सहा वर्षं तिने हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी घड्या केल्या. हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं. खिडकीतून ते दिसत नव्हतं ना.

मग नातीने यादीतला पुढचा प्रश्न वाचला. "इथे शेजाऱ्यांकडून तुम्हाला कधी भेदभाव जाणवला? कुणी तक्रार वगैरे केली?"

मी उठले. "लिंबू आणते."

"लिंबू इथेच आहे," ती म्हणाली. "बस."

मी बसले. तिने पोह्यांतला एक दाणा चमच्याने बाजूला केला आणि म्हणाली, "एकदा. वांग्यांबद्दल पत्र आलं होतं. कमिटीच्या माणसाने मला तेच पत्र दाखवलं आणि माझ्याकडेच सोडून गेला. फार सुंदर इंग्रजी. आणि कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. पिवळा."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या अंगठ्याकडे. त्यावर आजही हळद होती. ही आमची बोटं, त्यांना गुन्हेगारी शोभत नाही.

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन का आलीस?"

"बघायला. तू खोटं बोलताना कशी दिसतेस ते." तिने चहाचा घोट घेतला. "वाईट दिसतेस. डावीकडे बघतेस."

"आणि तरी पस्तीस वर्षं..."

"ऐक," ती म्हणाली. आता ती नातीशी नाही, माझ्याशी बोलत होती. "आमच्याकडे शेजारी शेजाऱ्यावर गुप्त पोलिसांना पत्र लिहायचे. कोण कुणाकडे आलं, रेडिओवर काय ऐकलं, जेवताना काय बोललं. माझ्या भावाची नोकरी अशाच एका पत्राने गेली. इथे आले आणि वर्षाच्या आत माझ्यावरही पत्र. दाराला कडी घालून उघडलं. आणि आत काय, तर वांगी. सगळं पत्र वांग्यांवर. मी नवऱ्याला म्हटलं, बॅगा रिकाम्या कर. या देशात राहता येईल."

मी म्हटलं, "आणि ती? डेन्मार्कवाली? तिला तर मी..."

"तिला दाखवलं ना मी पत्र. तिने वास घेतला त्या ठशाचा. म्हणाली, ज्या घरात असा वास आहे तिथे मला जेवायला का बोलवत नाहीत?"

डेन्मार्कवालीला मी तीस वर्षांत किती वेळा बोलावलं असेल? दरवेळी काकडीची सँडविचं, कडा कापलेली, मीठसुद्धा जपून. तिला आपलं सोसायचं नाही, हे मी ठरवून टाकलेलं. ती प्रत्येक वेळी सगळी संपवायची आणि आभाराचं कार्ड पाठवायची. अशी तीस वर्षांची कार्डं माझ्या कपाटात आहेत. भरीत एकदाही नाही खाल्लं तिने माझ्या हातचं. रोमानियाच्या गॅरेजात मात्र दर सप्टेंबरला खोक्यावर बसून पावाला लावून खायची, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मी म्हटलं, "ते पत्र आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"दे मला. फाडते."

"नाही देणार." तिने ताटली पुढे सरकवली, आणखी पोहे हवे होते. "तिकडे पोलिसांकडे माझी जाड फाइल होती म्हणतात. राजवट बदलल्यावर पुष्कळांना त्यांच्या मिळाल्या, मला नाही मिळाली. माझ्यावर कुणी लिहिलेलं माझ्याकडे एवढं एकच आहे."

मी पोहे वाढले. लिंबू पिळलं. माफी मागायची होती, पण एम. ए.चं इंग्रजी ऐन वेळेला कामी आलं नाही. मराठीतच म्हटलं, "चुकलं माझं." तिला मराठी येत नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, मीठ बरोबर आहे.

नातीने रेकॉर्डिंग बंद केलं. "आजी, मी हे पेपरमध्ये टाकू शकते?"

"टाक. 'सामाजिक पत' या रकान्यात आपल्याला सगळ्यात खाली लिही. सही केलीस तरी चालेल."

या सप्टेंबरात वांगी माझ्या ड्राइव्हवेवर भाजायची, हे तिने परस्पर ठरवून टाकलंय. घरापुढे, विटा मांडून. पत्रा ती आणणार आहे आणि लाकडी सुरीही. वांगी माझी. कपाशीच्या काड्या मिशिगनमध्ये मिळत नाहीत, सफरचंदाच्या लाकडावर भागवावं लागेल. समोरच्या घरात पुण्याहून नवीन आलेली एक तरुण मुलगी आहे. दिवसभर खिडकीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते आणि आमच्याकडे फार बारकाईने बघते. तिला आधीच जेवायला बोलावून ठेवलंय.