साडू आधी उभा राहिला

माझ्याच मांडीवर हात पडला आणि मी बायकोला म्हणालो, "ही पिशवी उचल इथून." माझा हात धरून तिनं तो माझ्याच गुडघ्यापर्यंत नेऊन दाखवला.

हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, पाठीत इंजेक्शन दिलेलं, कमरेखाली सगळं दुसऱ्याचं. तेही सोसलं असतं. पण त्याच दुपारी, त्याच दवाखान्यात माझ्या धाकट्या साडूचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं. एका डब्यात भागेल म्हणून दोघी बहिणींनी आम्हाला बरोबरच आणलेलं. त्यालाही पाठीतच इंजेक्शन. आणि थोड्या वेळानं हा गृहस्थ चालत माझ्या खाटेशी हजर.

"काय साडूभाऊ, अजून आडवेच?"

चहाच्या वेळी सासरे, म्हणजे आबा, उधन्याहून यायचे होते. मोठा जावई आडवा आणि धाकटा उभा, हे त्यांनी बघावं? भूल देणाऱ्या डॉक्टरबाई फेरीला आल्या तेव्हा मी विचारलंच, त्यांना दिलं ते मला का नाही? बाईंनी समजावलं. मला बुपिवाकेन, त्याला क्लोरोप्रोकेन. त्याचं काम लवकर उरकणारं, म्हणून लवकर उतरणारं औषध. माझं लांबणारं, म्हणून टिकणारं. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कुठल्या कापडाला कुठला रंग, हे मी लोकांना शिकवतो. तरी मनात आलं, भारीतलं त्यालाच दिलं.

जाता जाता बाई म्हणाल्या, "काका, उनका असर जल्दी गया, तो दर्द भी जल्दी आएगा."

बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि दर्द आला. सासरे पोचले तेव्हा साडू कुशीवर पडून कण्हत होता आणि मी हसतमुख, सुन्न. "बरं शे ना?" एवढं मला विचारून ते सरळ त्याच्या उशाशी जाऊन बसले. कपाळावरून हात काय फिरवला, शहाळं काय पाजलं. माझी बायकोही तिकडेच. मी एकदा कण्हून पाहिलं, तर नर्स येऊन विचारते, कुठे दुखतंय? मला जागाच सांगता येईना.

सासरे गेले. मग माझे पाय परत आले आणि मागोमाग टाके असे ठणकायला लागले की डोळ्यांत पाणी. आता मी खरोखर कण्हत होतो.

बायको उशी सारखी करत म्हणाली, "आते कन्हीसन काय फायदा? आबा तं कव्हयनाच गयात."