भाईदासची बस आणि यावलचा घड

भाईदास फोटोवाला मूळचा धुळ्याचा, पण धुळ्यात तो सापडेल तर शपथ. जत्रांमधून फोटो काढत फिरायचं आणि बसमध्येच राहायचं, हा त्याचा संसार. बस म्हणजे भंगारात निघालेली जुनी खासगी मोटार. तिची बाकडी काढून त्याने आत स्टो मांडला, खाट ठोकली आणि मागे काळा पडदा लावून फोटो धुण्याची खोली केली. बायको तानुबाई जत्रेतल्या बायांना कॅमेऱ्यासमोर बसवायची, त्यांचा पदर सारखा करायची, रडणारं पोर हसवायची. ती नसती तर निम्म्या बाया कॅमेऱ्यापुढे आल्याच नसत्या.

अडचण एवढीच, की बस चालायची कमी आणि झुलायची जास्त. वळण आलं की टपावरच्या तंबूच्या बांबूंसकट एका अंगाला कलायची. खड्डा आला की मागची खाट माणसासकट उडायची. पुढे बसून स्टिअरिंग धरणाऱ्याला त्याचं काय? तानुबाईने बरीच वर्षं सोसलं. मग एका पावसाळ्यात जत्रा थांबल्या, तशी ती यावलला भावाकडे, तोतारामकडे गेली आणि कंबर धरून बसली. भाईदास न्यायला आला तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, "तुमच्या गाडीत बसलं का आंग मोडतं. मी काई आता येत नई."

भाईदासला आधी राग आला, मग भीती वाटली. धंदा बसेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की तिच्याशिवाय त्याला करमायचं नाही. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. त्याने बस नशिराबादला वना लोहाराच्या भट्टीशी नेऊन लावली.

चाकांवरच्या नव्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, घ्यायची ऐपत नव्हती. वना काही सुचवणार, तोच भाईदासने आपलं डोकं चालवलं आणि मागच्या कमानींत एकेक जाड पोलादी पाटा जास्तीचा घालून घेतला. मजबुती म्हणजे आराम, असा त्याचा समज. बस आता झुलायची थोडी कमी, पण आदळायची दुप्पट.

तरी स्वारी ऐटीत यावलला आली. आता दणका बसत नाही याचा पुरावा म्हणून तोतारामच्या केळीच्या बागेतला हिरवा घड खाटेवर ठेवून तो नशिराबादपर्यंत जाऊन आला आणि बायकोपुढे उभा राहिला. "देख, बठ्ठा घड देख! एकबी डाग नही शे."

तानुबाईने घड उलटापालटा केला, कोपऱ्यातल्या गवतात पिकायला ठेवला आणि म्हणाली, "केये पिकल्याबिगर बोलत नई."

भाईदास कापसाच्या मुलखात वाढलेला. हिरव्या केळ्याला लागलेला मार पिकल्यावरच दिसतो, हे त्याला कुठून ठाऊक असणार? यावलचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. घड पिकला तेव्हा त्याची एक बाजू काळीठिक्कर होती. खाटेवर होता तसा आडवा ठेवून तानुबाईने काळ्या बाजूवर बोट ठेवलं. "मागची डावी बाजू."

मग पावसाळाभर तेच चाललं. जाड पाटे निघाले. वनाने कमानी सोडवल्या, पाट्यांमधला गंज खरवडला आणि ग्रीस भरलं. कमानींच्या टोकांना दणका झेलणाऱ्या झिजलेल्या बुशांच्या जागी जुन्या टायरचं रबर कापून बसवलं. डाव्या मागच्या कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप बसच्या मधोमध आलं. टपावरचे बांबू खाली उतरून खाटेखाली गेले. प्रत्येक दुरुस्तीनंतर एक घड नशिराबादची वारी करून यायचा, गवतात पिकायचा आणि तानुबाई तो वाचायची. "दाजी, आता बाग ठेवा थोडी," असं तोताराम कुरकुरायचा. डाग कमी होत गेले, पण गेले नाहीत. नवराबायको रोज संध्याकाळी ओट्यावर बसून कमानींविषयी बोलत. लग्न झाल्यापासून ती दोघं इतकं कशाविषयीच बोलली नव्हती.

मार्गशीर्ष आला. सारंगखेड्याची जत्रा तोंडावर आली आणि थंडीही पडली. थंडीत केळी पिकायला वेळ लागतो. शेवटचा घड गवतात हिरवाच राहिला. आणखी थांबलं तर जत्रेतली मोक्याची जागा जाणार. भाईदास म्हणाला, "मी एकलाच जास." त्याला फार वाईट वाटत होतं. तो गाडीत जाऊन बसला, पण त्याचा हात काही चावीकडे जाईना.

तेवढ्यात तानुबाई कपड्यांचं बोचकं घेऊन बाहेर आली. कडेवर गवतासकट तो घड. तिने तो खाटेवर ठेवला आणि शेजारी बसली.

"आजून पिकना नही ना," भाईदास म्हणाला.

"वाटेनं पिकतीन. चला."

चोपडा, शिरपूर करत बस सारंगखेड्याला लागली. फोटोमागचा पडदा टांगला गेला, बाया रांगेत बसू लागल्या. घड पिकला, तशी एका सकाळी तानुबाईने ताटलीत पिवळीधमक केळी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"डाग?" त्याने विचारलं.

"एक बी नई."

त्याने आनंदाने खाल्ली. नंतर तंबूचा दोर आवळायला तो बसमागे गेला. चाकाआड सालींचा ढीग होता, सगळ्या काळ्या डागांच्या. तो उठायच्या आधी तिने ती केळी एकटीने खाऊन संपवली होती. भाईदासने पायाने माती लोटून साली झाकल्या आणि तो आत आला.

"गाडी बरी चालनी आवंदा," तो म्हणाला.

"चाललीच," तानुबाई म्हणाली, आणि कंबर दाबत पुढच्या बाईचा पदर सारखा करायला गेली.